ताई, इथल्या पाणीपट्टीबद्दल

ताई,

परवा फोनवर म्हणालीस ना की मावशीचा नळ थकबाकीपायी तोडला, तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. कारण गेला महिनाभर मीपण इथे पाण्याच्या बिलातच अडकलेय, माझ्या नाही, खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या.

इथे इंग्लंडमध्ये पाणी नगरपालिकेकडे नसतं गं, 1989 पासून खाजगी कंपन्यांकडे आहे. पण 1999 च्या कायद्याने थकबाकीसाठी घरगुती कनेक्शन तोडायला बंदी आहे, कितीही थकू दे, नळाला पाणी येणारच. मला वाटायचं, मग माणूस घाबरेल कशाला?

काकू एकट्याच राहतात, साठी आली. आतड्याचं ऑपरेशन झाल्यापासून पोटाला पिशवी आहे, म्हणजे दिवसातून दोन-तीनदा अंघोळ आणि वर कपडे धुणं, त्यात घराला मीटर आणि उत्पन्न म्हणजे फक्त सरकारी भत्ता. 2025 च्या एप्रिलमध्ये इथलं सरासरी वार्षिक बिल 480 वरून एकदम 603 पौंडांवर गेलं, तिथून त्यांचं गणित पारच कोलमडलं. एकदा चहाला गेले तर त्यांनी मायक्रोवेव्हखालचा ड्रॉवर ओढून दाखवला, अकरा पाकिटं, एकही फोडलेलं नाही. शेवटची तीन वसुली एजन्सीची, ते नाव ओळखीचं नाही म्हणून त्यांना फ्रॉड वाटला. दारावर कुणी आलं की लाइट बंद करून बसायच्या, टीव्ही उचलून नेतील म्हणून.

एजन्सीच्या माणसाला घरात शिरायचा काहीच अधिकार नसतो गं! बेलिफ, म्हणजे जप्ती करणारा माणूस, येतो तो कोर्टाच्या निकालानंतर, आणि पहिल्यांदा आला तर त्यालाही दार तोडता येत नाही. खरी भीती त्या निकालाचीच, महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर सहा वर्षं क्रेडिट रेकॉर्डवर राहतो, मग भाड्याचं घर मिळणंसुद्धा अवघड.

आणि मला राग कशाचा आला सांगू, वॉटरशुअर म्हणून योजना आहे, भत्त्यावरचं मीटरवालं घर असेल आणि तीन मुलं किंवा असा आजार असेल की पाणी जास्तच लागतं, तर बिल कंपनीच्या सरासरीच्या वर जात नाही. काकू त्यात पहिल्या दिवसापासून बसत होत्या! आम्ही पाकिटं फोडली तेव्हा योजनेचं नाव सापडलं, मागच्या पानावर बारीक अक्षरात, पुढच्या पानावर मात्र रक्कम लाल आणि ठळक. आजारी माणसाने ते पान उलटायचं तरी कसं, पाकीट बघूनच छातीत धडधडतं.

मग सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसमध्ये गेलो, फुकट सल्ला देणारी संस्था आहे ती. तिथल्या बाईंनी 60 दिवसांची ब्रीदिंग स्पेस लावून दिली, तोवर वसुलीची पत्रं, फोन सगळं बंद. वॉटरशुअरचा फॉर्म भरला, आजाराचा पुरावा जोडला. जुनी थकबाकी काही माफ झाली नाही, ती आता थोडी थोडी भत्त्यातूनच कापतील. पण काकू परवा बेल वाजली तर स्वतः दार उघडायला आल्या.

ताई, मावशीकडे नोटिसा असतीलच, बहुतेक गादीखाली. रागावू नकोस तिला, शेजारी बसून एकेक उघड, सगळ्यांचे फोटो मला पाठव, आणि नगरपालिकेत जाऊन हप्ते पाडून मिळतात का ते विचार. पहिला हप्ता मी पाठवते, तिला सांगू नकोस.

तुझी छोटी