लिनक्स टाका म्हणता, मग पार्टिशनचंही नीट सांगा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला तेव्हापासून जुन्या लॅपटॉपवर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टिम, टाका असा सल्ला जो तो देतोय, आणि सल्ला बरोबरच आहे, टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप नाही किंवा प्रोसेसर जुना म्हणून विंडोज 11 न चालणारी कितीतरी मशीन अजून धडधाकट आहेत, त्यांच्यावर मिंट किंवा उबंटू असं एखादं लिनक्स मस्त चालतं. पण असा सल्ला देणारे लेख इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह कसा बनवायचा यावर रकाना भरतात आणि पार्टिशनचं, म्हणजे डिस्कच्या वेगवेगळ्या भागांचं, दोन ओळीत उरकतात, लोकांचा डेटा नेमका तिथेच उडतो.

इन्स्टॉलरमध्ये सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह अशी ओळखीची नावं नसतात हो! तिथे दिसतं एसडीए1, एसडीए3 असलं काहीतरी, आणि नवख्या माणसाला कळतच नाही की यातलं फोटोंचं कुठलं, मग तो घाबरून पूर्ण डिस्क पुसायचा सोपा पर्याय निवडतो आणि सगळं साफ. म्हणून आधी विंडोजमध्येच डिस्क मॅनेजमेंट उघडून प्रत्येक पार्टिशनची साइज कागदावर लिहून घ्यायची, इन्स्टॉलरमध्ये साइजवरूनच ओळख पटते. लिनक्ससाठीची जागाही विंडोजमधूनच पार्टिशन श्रिंक करून, म्हणजे लहान करून, काढायची आणि ती तशीच अनअलोकेटेड, म्हणजे मोकळी, सोडायची, मिंटला किमान 20 जीबी लागतात पण 50 तरी ठेवाच.

दुसरं म्हणजे ते छोटंसं ईएफआय पार्टिशन. विंडोज आणि लिनक्स दोन्हीचे बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करणारे प्रोग्रॅम, त्यातच आपापल्या फोल्डरमध्ये राहतात, त्यामुळे ते निवडायचं पण फॉरमॅटची टिक अजिबात लावायची नाही, लावली की विंडोजच्या फाइली जागेवर असूनही विंडोज सुरू होत नाही, आणि दुरुस्तीवाला बिनधास्त सांगतो की सगळं नव्याने टाकावं लागेल. हे मला फार लागतं, कारण बूटलोडर परत बसवता येतो, डेटा घालवायची काही गरज नसते.

बिटलॉकरचा, म्हणजे विंडोजमधल्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या एन्क्रिप्शनचा, तर कुणी उल्लेखही करत नाही. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते मालकाला पत्ता नसताना चालू असतं, बूटची सेटिंग बदलली की 48 आकडी रिकव्हरी की मागतं आणि ती जवळ नसेल तर स्वतःच्याच फाइली बंद. ती रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअपही बंद करा, नाहीतर विंडोज पूर्ण शटडाउन होत नाही आणि लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही सेव्ह करता येत नाही. बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्यायचा हे वेगळं सांगायला नको, पण तरी छापाच.

विनंती एवढीच की तुमच्या पानावर एक अख्खा लेख फक्त पार्टिशनवर द्या, आणि त्या स्क्रीनचे फोटो इतके मोठे छापा की त्यातली अक्षरं वाचता येतील.

आपला,
एक नियमित वाचक