काकू, तुमच्या ‘अ.का.’साठी थँक्यू

प्रिय काकू,

तुम्ही मोबाईलवर भजनं आणि नातवाचे फोटो सोडून काही बघत नाही, त्यामुळं हे तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवेल तेव्हाच कळणार, पण तरी मी सगळ्यांसमोरच लिहायचं ठरवलंय. कारण तुम्ही जे केलं ते काकांच्या छापील पानांवर कुठंच नाही, आणि तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणणार, मी काय केलं, चहा केला.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगतो. मी कॉमिक्स काढतो, म्हणजे काढायला बघतो. मागच्या वर्षी तीन महिने घालून १२ पानं केली, टॅबलेटवर, रंगबिंग भरून, सावल्या टाकून, आणि पुण्यात एके ठिकाणी पाठवली. तिकडनं एका ओळीत उत्तर आलं की चित्रं छान आहेत पण दुसऱ्या पानावर नक्की काय होतं ते समजलं नाही. मी लई चिडलो, म्हटलं यांनाच बघता येत नाही. आठ दिवस तोंड पाडून बसलो तेव्हा आईनं भिशीत तुमच्यापाशी विषय काढला आणि तुम्ही म्हणालात, आमच्या ह्यांच्या वह्या पडल्यात माळ्यावर, पाठव त्याला.

मे महिना, ४३ डिग्री, आणि मी दुपारी दोनला सोलापुरात दाजी पेठेत तुमच्या दारात. माळ्यावरनं २३ वह्या निघाल्या, सगळ्या लाल कापडी बांधणीच्या, दुकानदार रोजकीर्दीला वापरतात तसल्या लांब. मला वाटलेलं सुंदर सुंदर स्केचेस असतील, फोटो काढून नेऊ. पहिल्या दहा पानांत एक धड चित्र नव्हतं. नुसत्या खाडाखोडी, गिचमिड, चहाचे डाग, मध्येच दूधवाल्याचा हिशोब, आणि सगळ्यात शेवटी चादरीच्या ग्राफचे तुकडे डकवलेले.

ते ग्राफ का आहेत ते कळायला मला दोन दिवस लागले. काका दिवसभर चादरीच्या कारखान्यात डिझाईन काढायचे आणि रात्री दिवाळी अंकांना, मुलांच्या मासिकांना चित्रकथा द्यायचे. जकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाला डिझाईन आधी घराघरांच्या कागदावर काढावं लागतं, भरलेलं घर म्हणजे तिथं ताण्याचा, म्हणजे उभा धागा उचलायचा, रिकामं म्हणजे नाही, आणि त्यावरनं कार्डाला भोकं पाडतात. म्हणजे धागा एकतर वर नाहीतर खाली, अर्धवट सावली वगैरे भानगड नाही. आणि आपली सोलापुरी चादर उलटी केली की तेच डिझाईन रंग बदलून दिसतं, हे तर इथं शेंबड्या पोराला माहितीय. काकांनी हीच सवय कॉमिक्सला लावलेली. प्रत्येक महत्त्वाची चौकट वहीत दोनदा आहे, एकदा काळ्यावर पांढरी, एकदा पांढऱ्यावर काळी, बोटाच्या पेराएवढी. दोन्हीकडनं माणूस ओळखू आला तरच ती पुढं गेलेली दिसते. मी घरी येऊन माझं दुसरं पान नुसत्या काळ्या-पांढऱ्यात करून बघितलं. काय सांगू. हिरो, झाड आणि रिक्षा मिळून एकच डाग झालेला.

पहिल्या दोन वह्या तर निव्वळ नकला आहेत. १९६४ ला इंद्रजाल कॉमिक्स निघालं, मराठीतनं पण यायचं, ते काका भाड्यानं आणायचे असं तुम्ही सांगितलंत. पण नक्कल त्यातल्या हिरोच्या, वेताळाच्या दंडांची नाही! पानावर चौकटी किती, काळा भाग कुठं, बोलण्याचा फुगा कुठल्या कोपऱ्यात, एवढंच उतरवलेलं. १९७६ ला आबिद सुरतींचा बहादूर आला, कुर्ता आणि जीन्स घालणारा आपल्याकडचा हिरो, तेव्हा मात्र त्यांनी आख्खं पान भरून लिहिलंय की हा गडी आपल्या स्टँडवर उतरला तर कुणी वळून बघणार नाही, म्हणून भारी आहे.

आता मुद्द्यावर येतो. जवळपास प्रत्येक कच्च्या पानाच्या समासात, काकांच्या अक्षराखाली, दुसऱ्याच बारीक अक्षरात ‘अ.का.’ असं लिहिलेलं. कुठं एकदा, कुठं चारदा. मी डोकं लावलं, अंतिम काम असेल, अर्धा कागद असेल, छापखान्याची काहीतरी खूण असेल. नेटवर पण शोधलं, खोटं कशाला सांगू. तिसऱ्या दिवशी तुम्ही पुंडीची भाजी आणि कडक भाकरी घेऊन आलात, माझ्या खांद्यावरनं बघितलंत आणि म्हणालात, "काय बघलालास बे इतकं, ते माझंच आहे की." आणि मग हसत हसत सांगितलंत. अर्थं काले. तेलुगूत, समजलं नाही.

तुमचं माहेर तेलुगू, घरात तेलुगू, मराठी वाचायचं म्हणजे तेव्हा अक्षर अक्षर लावून. म्हणून काका मुद्दाम फुगे रिकामे ठेवून पान तुमच्यासमोर धरायचे, एक शब्द न बोलता. तुम्ही स्वयंपाक करता करता बघायचं आणि गोष्ट सांगायची, हा आला, हिनं बघितलं, हे पडलं. जिथं अडलात तिथं अ.का. आणि काका ती चौकट परत काढणार. जपानमध्ये मांगा, म्हणजे तिकडची कॉमिक्स काढणारे आधी अशीच कच्ची पानं करतात, त्याला ते ‘नेमु’ म्हणतात, इंग्रजी नेमवरनं आलेला शब्द, आणि संपादक ती बघून बदल सांगतो, पक्कं चित्र त्यानंतर. तिकडं तो पगारी माणूस असतो काकू. इकडं तुम्ही फोडणी टाकता टाकता तेच काम करत होता.

वही नंबर ९ मी तुमच्याकडनं परत परत मागून घेतली, त्याचं कारण आता सांगतो. गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेत हरवलेल्या पोराची गोष्ट. पोराच्या हातातनं बापाचा हात सुटतो ती चौकट काकांनी ११ वेळा काढलीय. पहिल्यांदा केवढी गर्दी, जत्रेतल्या उंच काठ्या म्हणजे सातही नंदीध्वज, पाळणे, भांडीवाले, मागं तळं, बघत राहावं असं चित्र, आणि त्यात कुठंतरी कोपऱ्यात पोरगं. अ.का. दुसऱ्यांदा पोरगं मोठं केलं, गर्दी तेवढीच. अ.का. मग बापाच्या चेहऱ्यावर घाबरल्याचा भाव, मग पोराच्या डोळ्यात पाणी, मग वरनं बघितल्यासारखं. अ.का., अ.का., अ.का. सातव्याला तुम्ही वैतागून नुसता काट मारलाय. आणि अकराव्यात गर्दीच नाही. एक मोठा हात, रिकामा, बोटं अजून वळलेली. शेजारच्या चौकटीत लहान हातानं एक बोट धरलंय, पण बाही वेगळी, बापाची बाही पट्ट्यापट्ट्यांची होती आणि ही कोरी. बास. पोरगं दुसऱ्याच माणसाबरोबर चाललंय आणि त्याला माहिती नाही. त्याच्यापुढं तुमची बरोबरची खूण आणि हळदीचं बोट उमटलंय.

त्या पानाच्या खाली उजव्या कोपऱ्यात काकांनी ‘पलटी’ लिहिलंय. म्हणजे हे पान उजव्या हाताला आलं पाहिजे, पोरगं मान वर करून त्या परक्या माणसाचं तोंड बघतं ते पान उलटल्यावरच दिसलं पाहिजे. त्यासाठी सुरुवातीची एक आख्खी गंमत कापून टाकलीय, कारण मासिकानं आठच पानं दिलेली, अर्धा फर्मा (छापखान्याचा फर्मा सोळा पानांचा), त्यात ओढाताण चालत नाही. मी जन्मभर स्क्रीनवर वर-खाली करत आलोय, पान उलटण्याचा असा उपयोग असतो हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

नंदीध्वजांचं ते पहिलं चित्र त्यांनी फाडलं नाही हे बरं केलं. माझ्याच्यानं ते सोडवलं नसतं.

शाईचं मी फार लिहित नाही, ते मला अजून जमत नाही. फिकट निळ्या पेन्सिलनं कच्चं काढायचे कारण छापखान्याच्या फिल्मवर ती निळी उमटत नाही, खोडायचे कष्ट वाचतात. पंखा बंद करून बसायचे, नाहीतर कागद उडतो आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात टाकाच्या टोकावरच शाई वाळते. आणि ‘आधी फुगा, मग डोकं’ हे तर त्यांनी चार वह्यांच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय, कारण मराठीला वर वेलांटी मात्रा, खाली उकार, ओळीला जागा जास्त लागते, शेवटी फुगा घुसवला की कुणाचंतरी कपाळ जातं. एक खरं बोलू? काकांची छापून आलेली पानं मला वहीतल्या पानांएवढी आवडली नाहीत. शाईत रेघ जरा ताठ होते त्यांची. तुम्हाला हे बोललो तर तुम्ही म्हणालात, मी पण तेच सांगायचे, ऐकतंय कोण.

तर काकू, थँक्यू. अकरा दुपारी तुमच्या दिवाणावर पसारा मांडू दिलात, वह्या घरी नेऊ दिल्यात, झेरॉक्सचे पैसे पण द्यायला निघालेलात. काकांना लोक कलाकार म्हणून ओळखतात ते बरोबरच आहे, पण त्या २३ वह्यांत मी मोजलेत, तुमचे अ.का. ३८७ भरले. मोजायला पण तुम्हीच हसलात.

मी रविवारी सकाळी येतोय. आठ पानं आहेत, फुगे रिकामे, उजवीकडं दोन बोटं समास सोडलाय. पेन्सिल टोक करून आणतो. शेंगा चटणी संपलीय आमच्याकडची, तेवढं बघा.

तुमचाच,
भिशीवाल्या वहिनींचा मुलगा