पपईच्या रसाचं नंतर बघू

महोदय,

ठाण्यात किसननगरला माझं औषधांचं दुकान आहे. पावसाळ्यात तापाची साथ आली की डॉक्टरांच्या चिठ्ठीआधी काउंटरवर मोबाइल येतो. 'यात लिहिलंय ते द्या.' गेले दोन पावसाळे गिऱ्हाईक असं जे जे विचारतं, ते मी एका वहीत तारीख घालून उतरवतो. आरोग्य खात्याने कुठल्या अफवेला आधी उत्तर द्यावं, ते त्या वहीवरून सांगतो.

डेंग्यूवर उपाय म्हणून पपईच्या पानांचा रस वहीत सगळ्यात जास्त वेळा आहे. त्याखालोखाल किवी आणि बकरीचं दूध. साथीच्या दिवसांत चर्चाही याचीच आणि खुलासेही यावरच. पण रस पिऊनसुद्धा माणूस डॉक्टरांकडे जात असेल, तर त्याचं उत्तर चार दिवसांनी दिलं तरी चालेल.

'ताप उतरला, डेंग्यू गेला' हे वहीत फक्त चार वेळा आहे. त्याला मात्र त्याच दिवशी उत्तर हवं. डेंग्यूत खरा धोका बहुधा ताप उतरतानाच असतो, तिसऱ्या ते सातव्या दिवसात. आमच्या मागच्या चाळीतला एक मुलगा चौथ्या दिवशी तापातून उठला. घरचे निर्धास्त झाले. संध्याकाळी त्याची आई ओआरएसचं पाकीट घ्यायला आली आणि सुटे पैसे मोजता मोजता म्हणाली, 'दादा, पोट फार दुखतंय म्हणतो. तीनदा उलटी झाली. हातपाय गार लागतायत.' मी शटर ओढलं आणि रिक्षा थांबवली. मुलगा सहा दिवस दवाखान्यात होता, वाचला. ती माउली पैसे देऊन गुपचूप निघून गेली असती तर, हा विचार अजून पाठ सोडत नाही.

दुसरी तातडीची गोष्ट अंगदुखीच्या 'जोरदार गोळी'ची. डेंग्यूत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. तिथे पॅरासिटामॉलच, तीही डॉक्टर सांगतील तेवढीच. आणि 'डेंग्यूचा डास गटारात होतो' हा समज निरुपद्रवी वाटतो, पण त्यापायी घरातलं पिंप आठवडाभर कोणी घासत नाही. डास होतो तो त्याच स्वच्छ पाण्यात.

म्हणून आरोग्य खात्याला माझी विनंती आहे की मेसेज किती फॉरवर्ड झाला तेवढंच बघू नका. ऐकणारा काय करून बसेल, ते आधी बघा. कुठे पसरतंय तेही बघा. 2022 च्या अखेरीस गोवंडीत, भिवंडीत गोवराची साथ आली. लशीबद्दलची एकच अफवा, लस पूर्ण झालेल्या सोसायटीत आणि डोस चुकलेली मुलं असलेल्या वस्तीत, सारखी मोजून कसं चालेल? दुसऱ्या ठिकाणी फलक पुरत नाही. तिथे आशाताईंनी दारात बसून बोलावं लागतं.

जी अफवा दहा जणांनीही ऐकलेली नाही, तिचा फलक लावू नका. आपणच ती गावभर करतो. आणि फलक लावाल तेव्हा मोठ्या अक्षरांत खरी गोष्ट लिहा. आमच्याकडे येणारी माणसं रिक्षातून जाता जाता वाचतात. त्यांच्या लक्षात मोठी ओळच राहते, खालचं 'हे खोटे आहे' राहत नाही.

प्रत्येक मेडिकलवाल्याकडे असे प्रश्न रोज येतात. साथीच्या काळात खात्याचा माणूस आठवड्यातून एकदा ते उतरवून नेणार असेल, तर मी वहीची पानं सोमवारी सकाळी काढून ठेवीन.

— एक औषधविक्रेता, किसननगर, ठाणे