पावसाच्या आत पत्रे चढवायचे आहेत : मुलींच्या हँडबॉल संघासाठी आवाहन

समस्त ग्रामस्थ, माहेरवाशिणी, बोटमालक आणि मुंबईकर मंडळींस,

स. न. वि. वि.

मृग तोंडावर आला आणि मैदानावरची शेड अजून उघडीच आहे, म्हणून हे पत्र घाईने लिहितो आहे. तरी आधीच्यांचे ऋण मान्य केल्याशिवाय नवीन मागणे आपल्या मंडळाच्या रीतीत बसत नाही.

3 जून 2020 ला निसर्ग वादळाने आपली शेड उचलून खाजणात नेऊन टाकली. तेव्हा गावात धड छप्पर कोणाचेच राहिले नव्हते, कोणाकडे मागायला तोंड नव्हते. अशा वेळी बर्फाच्या कारखान्याच्या मालकांनी स्वतःच्या पडलेल्या गोदामाचे लोखंडी अँगल टेम्पोत भरून पाठवले, "मुलींचे गोल उभे करा" म्हणून. आजचे 3 मीटर रुंद, 2 मीटर उंच दोन्ही गोल त्याच लोखंडाचे. त्यांचे जाळे कोळीवाड्यातल्या तांडेलकाकांनी जुन्या मासेमारीच्या जाळ्यातून करून दिले. दरवर्षी मासेमारीबंदी लागून बोटी वर ओढल्या की काका सुई-दोरा घेऊन येतात, गोलाच्या खांबाला पाठ टेकून बसतात आणि जाळ्याचे फाटलेले आस, म्हणजे डोळे, सांधून जातात. चहासुद्धा घेत नाहीत. वरच्या वाडीतल्या निवृत्त बाईंनी पहिले सगळे चेंडू पेन्शनमधून दिले. नाव छापायचे नाही अशी त्यांची सक्त ताकीद आहे, म्हणून छापत नाही. कळायचे त्यांना कळले. रिक्षावाले बंधू सराव संपून अंधार पडला की लांबच्या वाडीतल्या मुलींना घरपोच सोडतात, आजवर एक रुपया घेतलेला नाही. आणि आपले पी.टी.चे सर! बदली होऊनही शनिवार-रविवार स्वतःच्या पेट्रोलने येतात. या सगळ्यांच्या जिवावर पोरी कोल्हापूर विभागाच्या शालेय स्पर्धेपर्यंत पोचल्या. सामना हरल्या, पण उत्तरार्ध आपल्या मुलींचा होता, हे समोरच्या संघाच्या मार्गदर्शकांनीच येऊन सांगितले.

ज्यांनी खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. एका बाजूला सात जणी, 40 बाय 20 मीटरचे मैदान, तीस-तीस मिनिटांचे दोन डाव. चेंडू हातात घेऊन तीन पावलांपेक्षा जास्त टाकायची नाहीत, तीन सेकंदांपेक्षा जास्त धरायचा नाही. गोलापुढच्या 6 मीटरच्या रेषेत गोलकीपरशिवाय कोणी पाय ठेवायचा नाही, म्हणून मुली रेषेबाहेरून उडी घेतात आणि हवेतच चेंडू मारतात. जांभ्याच्या मातीवर ही उडी म्हणजे दर वेळी गुडघा सोलणे. युरोपात चेंडू हातातून निसटू नये म्हणून हाताला राळ लावतात. ते बघून आपल्या एका शहाणीने मे महिन्यात फणसाचा चीक लावला. चेंडू निसटला नाही हे खरे, पण सुटलाही नाही. शेवटी घरून खोबरेल मागवावे लागले.

या मुली मोबाइलवर नॉर्वे आणि फ्रान्सच्या महिला लीग पाहतात. नॉर्वेतल्या सर्वोच्च लीगला नाव लागले ते रेमा 1000 या किराणा दुकानांच्या साखळीचे. फ्रान्समध्ये ब्युटागाझचे, म्हणजे घरोघरी गॅसचे सिलिंडर पुरवणाऱ्या कंपनीचे. किराणा आणि गॅस आपल्या बाजारपेठेतही आहेत, एवढेच सुचवतो. खजिनदारांचा आग्रह म्हणून आणखी एक गोष्ट लिहितो. क्रिस्तियानसांद हे नॉर्वेचे समुद्राकाठचे शहर. तिथल्या वायपर्स क्लबने 2021, 2022 आणि 2023 अशी सलग तीन वर्षे युरोपची चॅम्पियन्स लीग जिंकली. जानेवारी 2025 मध्ये त्यांचे दिवाळे निघाले, भर हंगामात. तीन वेळच्या विजेत्यांची ही गत, तर आपली वर्गणीची वही कोरी राहिली तर काय होईल हे सांगायला नको.

आपल्या देशात पुरुषांची प्रीमियर हँडबॉल लीग 2023 साली जयपूरला झाली, पहिलेच विजेतेपद महाराष्ट्राच्या संघाने घेतले. मुली विचारतात, आमचे काय? भारताच्या मुलींनी मार्च 2022 मध्ये कझाकस्तानातल्या अल्माटीला आशियाई ज्युनिअर अजिंक्यपद जिंकून दाखवले आहे. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या मोरसिंघी या खेड्यातल्या हँडबॉल नर्सरीतून, म्हणजे प्रशिक्षण केंद्रातून, भारताच्या संघात मुली जातात. खेडेच ते. मग कोकणातली एक तरी मुलगी राष्ट्रीय लीगमध्ये दिसावी, ही अपेक्षा फार मोठी आहे का?

आता थोडे मनातले. गेल्या वर्षी मुंबईच्या वार्षिक सभेत हँडबॉलचा विषय सर्वांत शेवटी घेतला, तोवर अर्धी मंडळी विरार-डोंबिवलीची गाडी गाठायला उठली होती. त्याच सभेत क्रिकेटच्या चषकाची वर्गणी चहा येईपर्यंत जमली. क्रिकेटला आमचा विरोध नाही, गुण लिहायला मीच बसतो. पण "पोरींचे काय, लग्न झाले की खेळ संपला" असे जे मागच्या बाकावरून ऐकू आले, ते मुलींपर्यंत पोचले आहे. गाव लहान आहे.

तपशील : अर्ध्या मैदानावर पत्रे व कैच्या (छपराचे सांगाडे) 1,60,000 रु.; मुलींचे 2 नंबरचे चेंडू, गुडघ्याचे पॅड, प्रथमोपचार 35,000 रु.; स्पर्धेचा प्रवास व जेवण 45,000 रु.; एकूण 2,40,000 रु. पैकी जमा फारच थोडे, हिशेब कार्यालयाच्या फळ्यावर. 1 जूनला बंदी लागली की दर्याचा पैसा थांबतो, आंब्याचाही हंगाम सरतो, म्हणून वर्गणी 15 मेच्या आत द्यावी. रोख दिल्यास छापील पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. ऑनलाइनसाठी क्यूआर कोड फळ्यावर आहे, मुंबईकरांनी वाडीच्या प्रतिनिधीकडे द्यावी. सिमेंट, वाळू, वेल्डिंगची मजुरी, एक दिवसाचे अंगमेहनतीचे काम हेही चालेल.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
सचिव, मंडळाच्या वतीने

ता. क. : मे महिन्यात गावी येणाऱ्यांनी रोज संध्याकाळी पाचनंतर मैदानावर यावे. बसायला खुर्च्या नाहीत, बांधावर बसावे लागेल. मागच्या गणपतीत सार्वजनिक मांडवातून ज्यांनी आपल्या शेडची शिडी नेली त्यांनी ती तेवढी आणून द्यावी, पत्रे चढवायला लागणार आहे.