लाल बोलावर सिमेंट

प्रिय विजू,

तब्येत ठीक. पाठ कुरकुरते, तिचं काय एवढं. पत्र नाही म्हणून तू दिलेल्या शिव्या मनातल्या मनात ऐकून झाल्यात, तेव्हा त्या पुन्हा लिहू नकोस. आज लिहिते, कारण हे घरी सांगितलं तर "बरं मग?" एवढंच ऐकायला मिळेल.

आपलं कटिंग गेलं. घाटातलं, तिसऱ्या वळणाचं. रुंदीकरणात डोंगर आणखी आत कापला, ते चाललं असतं. उलट ताजा खडक मिळाला असता. पण वरपासून खालपर्यंत जाळी ठोकून शॉटक्रीट, म्हणजे फवाऱ्याचं काँक्रीट, मारलंय. खालच्या लाव्हाच्या थराचा पोकळ्यांनी भरलेला मांजऱ्या दगड, त्यावरचा हातभर लाल बोल, म्हणजे दोन थरांमधला चिकणमातीचा पट्टा, वरच्या थराच्या तळातल्या त्या वाफेच्या नळ्या, सगळं राखाडी.

पहिल्या वर्षाची पोरं "दख्खन म्हणजे ज्वालामुखीचा एकच मोठा उद्रेक" हे डोक्यात घेऊन येतात. तिथे उभं केलं की अर्ध्या तासात ते निघायचं. खालच्या थराच्या माथ्याला पोकळ्याच पोकळ्या, कारण वायू वर चढतो आणि निसटायच्या आत लाव्हा थिजतो. पोकळ्यांत मागाहून भरलेले झिओलाइटचे स्फटिक. त्यावर बोल, म्हणजे पुढचा लाव्हा येण्याआधी मधे बराच काळ गेला. मग नवा लाव्हा ओल्या जमिनीवर पसरला, खालची वाफ त्यात घुसली, नळ्या झाल्या आणि लाव्हा सरकत असल्यामुळे त्या वाकल्या. वाक कुठे आहे ते कंपासने घ्यायचं की प्रवाहाची दिशा पोरं आपणच सांगायची. आता निघोजला नेता येईल, रांजणखळगे झकास आहेत, पण ते नदीचं काम. दोन थरांची सीमा तिथे कुठून दाखवू?

आणि आपलं भांडण! बोल म्हणजे ज्वालामुखीची कुजलेली राख, हे तुझं; लाव्हाने भाजलेली माती, हे माझं. सर "सॅम्पल आणा" म्हणून दोघींना गप्प करायचे. आता सॅम्पलला ब्रेकर लागेल. पुरावाच बुजला, तेव्हा निकाल माझ्या बाजूने.

पण झोप उडालीय ती शिकवण्यापायी नाही. वीप होल, म्हणजे मागचं पाणी बाहेर काढायची भोकं, आहेत, तीन-तीन मीटरवर, अगदी ओळीत. कागदावर कुणी चूक काढणार नाही. फक्त ती सगळी घट्ट बेसॉल्टच्या पोटात पडलीत, जिथून पाणी कधी आलंच नव्हतं. पाणी वरच्या थराच्या उभ्या सांध्यांतून, म्हणजे खडकातल्या भेगांतून, उतरतं, खाली बोलाची चिकणमाती त्याला अडवते, आणि ते बोलाच्या माथ्यावरून आडवं बाहेर येतं. पावसाळ्यात ती झिरपणारी रेघ रस्त्यावरून दिसायची. त्या रेघेवर एकही भोक नाही.

सांध्यात तीन मीटर पाणी साचलं तर तळाशी दर चौरस मीटरला तीन टन दाब. शॉटक्रीट असेल दहा सेंटिमीटर. खडकात ठोकलेल्या बोल्टच्या पत्र्याजवळ ते धरून राहील, मधे सोलून निघेल. शिवाय चिकणमातीला ते नीट चिकटत नाही. बोल भिजला की फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, त्यामुळे मागे पोकळी होते. तिथून माती वाहायला लागली की वरच्या दगडांचा आधारच जातो.

करायला हवं होतं ते असं. बोल निदान त्याच्या जाडीच्या दुप्पट आत खरवडायचा, मागे निचरा ठेवून काँक्रीट भरायचं, मग शॉटक्रीट. ते राहिलं. आता निदान बोलाच्या माथ्यालगत भोकं पाडून घ्यावीत: आत जाताना पाच ते दहा अंश चढती, म्हणजे पाणी आपोआप बाहेर पडेल, त्यांत छिद्रांची पीव्हीसी नळी, जिओटेक्स्टाइलचं गाळणकापड गुंडाळून, नाहीतर गाळाने एका पावसात बुजेल. लांबी किती, इथे मी अडते. चार-सहा सांधे ओलांडायला हवेत एवढंच कळतं. तुम्ही बोगद्याच्या तोंडावर उतार बांधता तिथे काय ठरवता?

आता तू म्हणशील, दख्खन मेलेला आहे, तिथे कसली चिंता. बाई गं, तुझा हिमालय उभा राहिला तो याच भारतीय भूपट्टाच्या, प्लेटच्या, धडकेने. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी रियुनियनच्या हॉटस्पॉटवरून, म्हणजे खोलातून तप्त खडक वर येतो त्या जागेवरून, जाताना हा लाव्हा ओतला, तेव्हा प्लेट वर्षाला १५ सेंटिमीटरच्या आसपास पळत होती. आशियाला भिडल्यावर ५ च्या घरात आली. पण रेटा थांबलेला नाही. १९९३ ला किल्लारी प्लेटच्या ऐन पोटात हलली. आणि १९६७ ला कोयनेने तर हेच शिकवलं, की भेगेतल्या पाण्याचा दाब वाढला की दाबून धरलेला खडकही निसटतो. तिथे धरण होतं, इथे शॉटक्रीट. आकडे वेगळे, हिशेब तोच.

धाकटीची बारावी कशी चाललीय? क्वार्टरला पाणी येतं का? सासूबाईंना नमस्कार सांग.

संबंधित कार्यालयाला अर्ज लिहून ठेवलाय, पण मास्तरणीचं पत्र फाइलमध्ये जातं. सोबत कटिंगचे जुने फोटो पाठवतेय, रेघ लाल पेन्सिलीने दाखवली आहे. नळीची लांबी, अंतर आणि दोन ओळींचं तांत्रिक मत तुझ्या सही-शिक्क्यानिशी पाठव. मेअखेरपर्यंत हवं, जूनमध्ये तिथे ड्रिल उभं राहणार नाही.

तुझी,
मंगल

ता.क. मतात "राख" लिहिलंस तर मी खोडून "माती" करणार आहे.