कपाटावरची चिठ्ठी काढलीत त्याबद्दल

मावशी, सप्रेम सलाम.

हे समोर बसून सांगायला गेले की तुम्ही "पुरे गं" म्हणत चहा टाकायला उठता. म्हणून चारचौघांत लिहिते, म्हणजे तुम्हाला उठता येणार नाही.

ह्यांना प्रभूने नेलं त्यानंतर घरी माणसांची रीघ लागली होती. त्यात आमच्या प्रार्थनागटातल्या बायकाही होत्या. आजारपणात त्यांनीच औषधांच्या कपाटावर बायबलमधलं वचन चिकटवलं होतं, 'विश्वासाची प्रार्थना दुखणाइतास वाचवील.' आता त्याच म्हणाल्या, "ताई, विश्वास कुठंतरी कमी पडला." एकीने तर उपास किती धरले होते तेही विचारलं. विश्वास म्हणजे जणू भिशीचा हप्ता, थकला की नंबर गेला!

तुम्ही आलात, जरा वेळ बसलात आणि तुमची नजर त्या चिठ्ठीवर गेली. काही न बोलता उठलात. रंगाचा पोपडा निघू नये म्हणून नखाने हळूहळू चिकटपट्टी सोडवलीत. चिठ्ठी फाडली नाहीत, चुरगाळलीही नाहीत. चार घड्या घालून चष्म्याच्या घरात ठेवलीत. "वचन खरं आहे," एवढंच म्हणालात, "पण तुला मारायला दिलेलं नाही."

मला प्रार्थना सुचत नाही, विश्वासच उरला नाही, असं मी म्हणाले तेव्हा तुम्ही दचकलाही नाहीत. "विश्वासही देवाच्याच हातचा आहे. नसेल तर मागायचा, त्यात लाज कसली?"

इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातलं आठवं वचन शब्बाथशाळेत घोकलेलं. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, आणि ते देवाचं दान. पुढच्याच ओळीत कोणी आढ्यता बाळगू नये हेही आहे, ते मात्र आपल्याकडे लोक भरभर म्हणून टाकतात. फ्रान्समधल्या ओरांजच्या धर्मसभेने 529 सालीच सांगून ठेवलंय की विश्वासाची सुरुवात, विश्वास ठेवावासा वाटणंसुद्धा, कृपेनेच होतं. शतकानुशतकं भांडलेल्या कॅथलिक आणि लुथरन पंथांच्या मंडळींनीही 1999 मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला एकत्र सही करून मान्य केलं की देव आपल्याला स्वीकारतो ते आपल्या कर्तबगारीवर नव्हे. आमच्या गटापर्यंत ही बातमी पोचायची आहे बहुतेक.

आणि पंडिता रमाबाई? बाप्तिस्मा 1883 चा. पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांनीच साक्ष दिली की धर्म मिळाला होता, ख्रिस्त नंतर भेटला. एवढ्या विदुषीलाही तो विद्वत्तेच्या जोरावर मिळाला नाही. मार्कच्या शुभवर्तमानातला आजारी पोराचा तो बाप तर, विश्वास आहे म्हणतो आणि त्याच दमात माझा अविश्वास घालवा म्हणून ओरडतो. येशूने त्याला आधी मोजमाप करून ये म्हटलं नाही, पोरगा बरा केला. आमचे हे बरे झाले नाहीत. का, ते तुम्ही मला समजावायला गेला नाहीत, त्याचेही आभार.

साधं, सभ्य माणूस किती हलक्या हाताने वागू शकतं! पदवी लागत नाही, व्यासपीठ लागत नाही.

विश्वास परत आला का, विचाराल. काही सकाळी असतो. नसतो तेव्हा मागते.

आता एक काम. पुढच्या महिन्यात सभा आमच्याकडे आहे, त्या सगळ्याजणी येणार आहेत. साक्ष द्यायला तुम्ही यायचं. गुडघ्यांचं कारण चालणार नाही, रिक्षा दारात पाठवते.

तुमची,
कपाटवाली