शोधाचे प्रात्यक्षिक मराठी मजकुरावर घ्या

महोदय,

सी भाषेच्या प्रात्यक्षिकांत 'वाक्यात शब्द शोधा' हा प्रोग्राम हमखास असतो. एका इंग्रजी वाक्यावर तो चालला की जर्नलवर सही होते. ही घाई आहे.

एकेक चिन्ह जुळवत जाणाऱ्या, हाताने लिहिलेल्या लूपला आधी '१११२'मध्ये '११२' शोधायला लावावे. तिसऱ्या अंकावर जुळणी तुटते. तेव्हा शब्दाचा इंडेक्स (कितव्या चिन्हावर आहोत तो आकडा) शून्य केला जातो, पण अनेकदा वाक्याचा इंडेक्स जुळणी सुरू झाली त्याच्या पुढच्या जागेवर परत नेलेला नसतो. मग शब्द समोर असूनही 'सापडला नाही' असे उत्तर येते.

मजकुरात शब्द शोधून देणारे सीचे तयार फंक्शन 'स्ट्रस्ट्र' वापरले तर ही अडचण नाही, पण शब्द 'एफगेट्स' या ओळ वाचणाऱ्या फंक्शनने घेतला असेल तर शेवटी एंटरचे चिन्ह चिकटलेले असते. ते काढले नाही तर बहुतेक वेळा 'नल'च, म्हणजे 'सापडला नाही' हेच उत्तर, हाती येते. एंटर टाळायला म्हणून ओळ वाचणाऱ्या जुन्या 'गेट्स' फंक्शनकडे वळू नये. सी भाषेच्या २०११च्या मानकातून ते काढून टाकले आहे. शब्द किती वेळा आला हे मोजताना रिकामा शब्द आधीच अडवावा. त्याची लांबी शून्य, त्यामुळे पॉइंटर (शोध कुठवर आला ती जागा दाखवणारा) पुढे सरकत नाही आणि लूप थांबत नाही.

खरी परीक्षा देवनागरीची. यूटीएफ-८ या अक्षरे बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत तिचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे, म्हणून 'मराठी'ची 'स्ट्रलेन'ने मोजलेली लांबी ५ नव्हे, १५ येते. 'स्ट्रस्ट्र' बाइट जुळवत असले तरी शोध बरोबर लागतो. जागा मात्र बाइटमध्ये मिळते. एकच बाइट शोधणाऱ्या 'स्ट्रसीएचआर'ला एकेरी अवतरणातला 'क' दिला तर जीसीसी हा कंपायलर इशारा देतो, शोध फक्त शेवटच्या बाइटचा होतो आणि पॉइंटर अक्षराच्या पोटात जाऊन थांबतो. तिथून छापले की सुरुवातीलाच कचरा. एक अक्षर शोधायचे तरी ते दुहेरी अवतरणात घालून 'स्ट्रस्ट्र'लाच द्यावे. शिवाय 'सात' शोधताना 'सातारा'ही सापडतो. शब्दाच्या मागे-पुढे मोकळी जागा किंवा विरामचिन्ह आहे का, हे आपणच तपासायचे.

सर्वांत फसवा शब्द 'वऱ्हाड'. त्यातला 'ऱ' कुणी ०९३१ या एकाच युनिकोड संकेतांकाने लिहितो, कुणी 'र'ला नुक्ता (खालचा टिंब) जोडून, तर कुणी साधा 'र', हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह) आणि शून्य रुंदीचा जोडक (न दिसणारे चिन्ह) वापरून. पडद्यावर तिन्ही सारखे, बाइट वेगळे. शोधण्याआधी मजकूर आणि शब्द दोन्ही एकाच रूपात आणावे लागतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने नुक्त्याचे रूप सुधारते, जोडकाचे नाही. ते वेगळे बदलावे.

टर्बो सी या जुन्या कंपायलरच्या निळ्या पडद्यावर देवनागरीचे हे प्रयोग करून बघता येणार नाहीत. प्रयोगशाळेत लिनक्स आणि जीसीसी हवे, आणि दोन्ही फुकट मिळतात.

– संगणकशास्त्राचे एक शिक्षक, सांगली